खोटं पटतं कसं, आणि चालतं कुठे

खोटं बोलणारा नजर चोरतो, अडखळतो, कपाळावरचा घाम पुसतो, असं आपल्याकडे पोलीस पाटलापासून सासूबाईंपर्यंत सगळेच छातीठोकपणे सांगतात. तपासून पाहिलं तर यातलं फारसं काही टिकत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावरच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचे निकाल एकत्र केले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे त्यात चोवीस हजारांहून अधिक लोकांनी ओळखायचा प्रयत्न केला होता. शंभरात ५४ अंदाज बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी ५० आलेच असते. ज्यांचा रोज खोटं ऐकण्याशी संबंध येतो, ते पोलीसही सामान्य माणसापेक्षा फार पुढे नव्हते.

तेव्हा खोटं बोलणाऱ्याला चेहरा सांभाळणं एवढं काही अवघड नाही. मग ते पटतं कशाच्या जोरावर? यवतमाळ जिल्ह्यात याचे नमुने शोधायला लांब जावं लागत नाही. पण आधी एक जुना नमुना उघडून पाहू, कारण त्यात सगळे सांधे स्पष्ट दिसतात.

द्रोणाचार्यांना शस्त्र खाली ठेवायला लावायचं होतं. अश्वत्थामा मेला अशी नुसती आवई उठवून भागलं नसतं. म्हणून भीमाने आधी त्याच नावाचा हत्ती मारला, खोट्याला बूड म्हणून एक खरी घटना तयार केली. मग त्याने आरोळी ठोकली. द्रोण हादरले, पण विश्वास बसला नाही. भीमाचं बोलणं किती धरायचं हे ते जाणून होते. त्यांनी युधिष्ठिराला विचारलं, कारण हा माणूस खोटं बोलत नाही अशी ख्याती. ती ख्याती आयुष्यभर जमवलेली होती आणि एका वाक्यात खर्च झाली. ‘हत्ती’ हा शब्द तो पुटपुटला, म्हणजे एकेक अक्षर खरंच बोलला. त्याच्या वाक्यात खोटं नव्हतंच. खोटा होता तो द्रोणांचा समज, आणि तो त्यांनी स्वतः करून घेतला, कारण मुलाचं मरण हीच त्यांची एकमेव धास्ती होती. चार बोटं अधांतरी चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला, असं महाभारत सांगतं. व्यासांनी ‘तांत्रिकदृष्ट्या खरं’ ही सबब मान्य केली नाही, हे मला आवडतं.

या एका प्रसंगात कृती पूर्ण आहे. बुडाशी खरी घटना हवी, बोलणारं तोंड विश्वासाचं हवं, तपशील थोडाच हवा, आणि ऐकणाऱ्याला त्या गोष्टीची आधीच धास्ती किंवा हाव हवी. शेवटचं जमलं तर बाकीचं थोडं कमी पडलं तरी चालतं. इतकं असलं की पुढची मेहनत ऐकणाराच करतो.

आता मृगाच्या तोंडावरचं एखादं गाव घ्या. कपाशीत निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. तणनाशक मारलं तर तण मरावं आणि कपाशी उभी राहावी, असं बियाणं शेतकऱ्याला हवंच आहे. अशी एचटीबीटी कपाशी प्रत्यक्षात आहे, पण तिला केंद्राने मान्यता दिलेली नाही, म्हणून दुकानात मिळत नाही. खरी घटना इथे आयती आहे. आता विश्वासाचं तोंड. पाकीट घेऊन येणारा बहुधा परका नसतो. ओळखीचा, पाहुण्यातला, मागच्या वर्षी अमक्याला देऊन गेलेला असतो. तो सांगतो: माल थोडाच आहे, उद्या राहणार नाही, पावती मागू नका आणि कुठे बोलू नका.

या शेवटच्या दोन सूचनांकडे नीट बघा, सगळी कारागिरी तिथे आहे. ‘पावती मागू नका’ ही खरं तर धोक्याची खूण. पण माल चोरीचा असल्यामुळे तीच खूण अस्सलपणाचा पुरावा वाटू लागते. पावती नाही, म्हणजे नक्कीच ‘ते’ बियाणं असणार! आणि ‘कुठे बोलू नका’ यामुळे घेणाराही गुन्ह्यातला भागीदार होतो. दुकानातून पावतीने घेतलेलं बियाणं उगवलं नाही तर पावती, टॅग आणि रिकामं पाकीट घेऊन तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येतं, पंचनामा होतो, ग्राहक आयोगात दाद मागता येते. चोरबीटीत यातलं काहीच हातात नसतं. पाकिटात साधी सरकी निघाली आणि तणनाशकाच्या पहिल्याच फवाऱ्यात कपाशी जळाली, तरी शेतकरी गप्प. चांगल्या खोट्याची हीच परीक्षा: उघडं पडल्यावरही फसलेला माणूस बोंब मारत नाही.

जाता जाता: याच बियाण्याची दुसरीही एक गोष्ट आहे. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात, अकोटजवळच्या अकोली जहागीर इथे दिवसाढवळ्या, जाहीर करून एचटीबीटी पेरलं. बियाणं तेच, कायदाही तोच. तिथे कायदा मोडला गेला, पण कोणाला फसवलं गेलं नाही. या दोन गोष्टींची आपण नेहमी गल्लत करतो.

पण मला जास्त वेळ थांबायचं आहे ते तिसऱ्या नमुन्यापाशी. ते खोटं फसणाऱ्याच्याच तोंडून, सरकारी कचेरीत, कॅमेऱ्यासमोर वदवून घेतलं जातं. गावात त्याला ‘खरेदी करून देणं’ म्हणतात.

शेतकऱ्याला पैसे हवे आहेत. बँकेचं आधीचं थकलेलं, त्यामुळे तिथलं दार बंद. परवाना नसलेला सावकार तयार असतो, पण त्याला गहाणखत नको असतं. गहाणखत केलं की कर्ज कागदावर येतं, व्याज विचारलं जातं, परवाना विचारला जातो. त्याला सरळ विक्रीचा दस्त हवा असतो. “हे कागदापुरतंच हाय भाऊ. पैसे आणून देजो, वावर तुयंच हाय.” आणि हे बोलताना तो कदाचित खोटं बोलतही नसतो. पैसे वेळेवर आले तर अनेकदा जमीन खरोखर उलटून लिहून दिली जाते. गावात अशी उदाहरणं असतात, आणि तीच पुढच्या माणसाला विश्वास देतात.

मग दोघं दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातात. दस्तात लिहिलेलं असतं: मोबदल्याची संपूर्ण रक्कम भरून पावलो, ताबा आजरोजी दिला, आता माझा काही हक्क उरला नाही, यात माझ्या वारसांचीही तक्रार चालणार नाही. अंगठा, फोटो, ओळख पटवणारे दोघं. अधिकारी विचारतो, दस्त मान्य आहे का, रक्कम मिळाली का. शेतकरी “होय” म्हणतो. रक्कम दस्तातल्या आकड्याइतकी मिळालेली नसते, ताबा दिलेला नसतो, आणि जमीन विकायचं तर त्याने स्वप्नातही आणलेलं नसतं. त्या टेबलाभोवतीच्या बहुतेकांना हे माहीत असतं. तरी “होय” म्हणायला त्याला लाज वाटत नाही, कारण त्याच्या मते तो कोणालाच फसवत नाही. फक्त एक रिवाज पाळतो आहे.

रात्री घरी येऊन तो झोपतो आणि सकाळी उठून त्याच वावरात वखर घालतो. वर्ष-दोन वर्षं काही बदलत नाही. बदलतो तो कागद. सावकार दस्ताची नक्कल तलाठ्याकडे देतो, फेरफार पडतो, नोटीस येते आणि बहुधा न वाचता देव्हाऱ्यामागे खोचली जाते, सातबाऱ्यावर नाव चढतं. मग एखादं बोंडअळीचं साल येतं किंवा रस्त्यामुळे जमिनीचा भाव वाढतो, आणि ‘कागदापुरतं’ असलेलं सगळं खरं होऊन बसतं.

हे खोटं इतकं मजबूत का? कारण लेखी दस्ताविरुद्ध तोंडी कराराचा पुरावा सहसा ऐकला जात नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ९२ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ९५ आहे. दुसरी फट मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये. विक्रीच्या रूपातलं गहाण कायद्याला ठाऊक आहे, पण परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच. वेगळ्या बाँडवर लिहिलेली परतफेडीची चिठ्ठी या कामी येत नाही. सावकाराला कायद्याचं कलम माहीत नसेलही, पण चिठ्ठी नेहमी वेगळ्या कागदावरच का असते, याचं उत्तर इथे आहे.

तरीही हे खोटं फोडता येतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली गंगाबाई विरुद्ध छबूबाई या खटल्यात वाट दाखवून ठेवली आहे: दस्तातल्या अटी बदलायला तोंडी पुरावा चालत नाही, पण हा दस्त मुळात अमलात आणायचाच नव्हता, निव्वळ देखावा होता, हे सिद्ध करायला चालतो. त्याहून जवळची वाट २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाची. त्याच्या कलम १८ खाली सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक चौकशी करून, सावकारीच्या ओघात बळकावलेली जमीन ठरावीक मुदतीतली असेल तर दस्त अवैध ठरवू शकतो आणि ती कर्जदाराला किंवा त्याच्या वारसाला परत देववू शकतो.

चौकशीत काय बघायचं, हे खोटं ओळखण्याचा उत्तम धडा आहे. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातले आल्डर्ट व्रिय यांनी यावर आयुष्य घालवलं. त्यांच्या कामाचं सार असं की चेहऱ्याकडे बघू नका, ज्याची तयारी केलेली नाही असा प्रश्न विचारा. ‘जमीन घेतली का?’ याचं उत्तर सावकाराकडे तयार असतं, सोबत दस्तही असतो. पण घेतल्यापासून त्यात काय पेरलं? उगवतीच्या बाजूला बांध कोणाचा लागतो? विहिरीवरची मोटार किती अश्वशक्तीची, बिल कोणाच्या नावाने येतं? पीकविमा कोणी काढला? बाजारमूल्य इतकं असताना इतक्या कमी किमतीत कसं मिळालं? आणि निबंधकाच्या सूचीत याच माणसाच्या नावावर गावोगावच्या इतक्या खरेद्या कशा? खोटं बोलणारा एक गोष्ट भक्कम बांधतो, पण त्या गोष्टीला लागून असलेलं सगळं जग बांधायला त्याला वेळ नसतो.

एवढं वाचल्यावर वाटेल की खोटं म्हणजे लुबाडणूकच. तसं असतं तर विषय इथेच संपला असता. पण आपला कायदाच एका ठिकाणी खोट्याला मोकळीक देतो. खटल्यात पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला त्याचं म्हणणं विचारतात. त्याला शपथ दिली जात नाही, आणि उत्तर खोटं निघालं म्हणून शिक्षाही होत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ मध्ये हे स्पष्ट लिहिलं होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३५१ मध्ये आलं. साक्षीदार शपथेवर खोटं बोलला तर तुरुंग. आरोपी बोलला तर नाही. कारण उघड आहे: ज्याच्या मानेवर सुरी आहे त्याच्याकडून सत्याची सक्ती करायची नाही.

कर्णपर्वात कृष्ण हेच जरा कडक शब्दांत सांगतो. गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याचा वध करीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. युधिष्ठिर रागाच्या भरात तसं बोलून बसतो आणि अर्जुन मोठ्या भावावर तलवार उपसतो. तेव्हा कृष्ण त्याला कौशिकाची कथा सांगतो. कायम खरं बोलण्याचं व्रत घेतलेला हा तपस्वी. दरोडेखोरांपासून पळणारी माणसं त्याच्या आश्रमाजवळच्या झाडीत लपतात; मागून आलेले दरोडेखोर विचारतात आणि कौशिक खरं सांगतो. माणसं मारली जातात, कौशिक नरकात जातो. लग्न जुळवताना, प्रेमात, जिवावर बेतल्यावर, सर्वस्व जाऊ घातल्यावर, असे सवलतीचे प्रसंगही तिथे मोजून दिले आहेत. जिवाचं मी मान्य करतो. लग्नाचं मात्र अजिबात नाही. मुलाच्या दारूबद्दल, मुलीच्या आजाराबद्दल, नसलेल्या नोकरीबद्दल लग्न जुळवताना जे बोललं जातं, त्याची किंमत बोलणारा मध्यस्थ कधीच मोजत नाही. जर्मनीचा तत्त्वज्ञ कांट दुसऱ्या टोकाला. दारात खुनी उभा राहून मित्राचा पत्ता विचारत असला तरी खोटं बोलू नये, असं त्याने १७९७ साली लिहिलं. कृष्णाने त्याला कौशिकाशेजारी बसवलं असतं.

मराठी माणसाला या बाबतीत कांट पटणं कठीणच, कारण त्याच्या इतिहासातली सर्वांत लाडकी गोष्ट एका पक्क्या बांधलेल्या खोट्याची आहे. ऑगस्ट १६६६ मध्ये आग्र्याच्या कैदेत शिवाजी महाराजांनी आजाराचं सोंग घेतलं, दानाच्या मिठाईचे पेटारे रोज बाहेर जाऊ दिले, पहारेकरी तपासून तपासून कंटाळेपर्यंत जाऊ दिले, आणि मग एक दिवस ते स्वतः निसटले. पुढे नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मथुरेत विश्वासू कुटुंबाकडे ठेवलं आणि ते वारल्याची बातमी पसरू दिली, म्हणजे त्यांचा शोध थांबावा. घटक तेच आहेत: पेटारे खरे, मिठाई खरी, आणि प्रवासाने थकलेलं पोर दगावलं यात कोणाला नवल वाटणार नव्हतं. फरक एवढाच की ऐकणारा होता तो कैदेत टाकणारा, आणि त्याला खरं सांगण्याचं ऋण कोणावर नव्हतं.

आता रोजचं उदाहरण. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असो किंवा नागपूरला नेलेलं असो, तपासणीचा कागद हातात पडताच मुलगा डॉक्टरांना बाजूला घेतो. “डाक्टरसाहेब, बाबाले सांगू नका.” मग घरभर गाठ ‘साधी’ होते, किरणोपचार ‘शेक’ होतो. इथे कोणाची लूट नाही, सगळं मायेपोटी आहे. पण बाबांना कळत नाही असं समजू नका. कर्करोगाच्या वॉर्डात चार दिवस काढलेल्या माणसाला शेजारच्या खाटा दिसतात. बऱ्याचदा ते मुलासाठी खोटं बोलत असतात, मुलगा त्यांच्यासाठी, आणि जमिनीची वाटणी, धाकटीचं लग्न, कोणाकडे राहिलेली उसनवारी हे सगळं न बोलताच राहून जातं. माझं मत विचाराल तर: त्यांनी विचारलं नाही तर तुम्ही होऊन सांगू नका, हवं तर. विचारलं तर खोटं बोलू नका.

कोणतं खोटं चालावं हे ठरवायला स्वीडनमध्ये जन्मलेल्या तत्त्वज्ञ सिसेला बोक यांनी १९७८ च्या पुस्तकात एक कसोटी सुचवली. आपलं खोटं आणि त्यामागचं कारण समजूतदार लोकांपुढे, ज्याला फसवलं त्याच्याही पुढे उघड मांडता येईल का? आग्र्याचं मांडता येतं, आपण साडेतीनशे वर्षं मांडतोच आहोत. बियाण्याचं येत नाही. खरेदीचं तर नाहीच.

पण एक खोटं या कसोटीवर मला नीट बसवता येत नाही, आणि ते इथलंच आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाला एक लाखाची मदत मिळू शकते. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं: नापिकी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, आणि ते फिटत नाही म्हणून वसुलीचा तगादा. ज्याचं खरं कर्ज खरेदीखतात गडप झालं आहे, तो कागदोपत्री कर्जदार नसतोच. तो जमीन विकून मोकळा झालेला माणूस असतो. अशा वेळी चौकशीला कोणी आलं की शेजारीपाजारी मागे राहिलेल्या बाईच्या भल्यासाठी सोसायटीच्या जुन्या थकबाकीवरच भर देतात आणि सावकाराचं नाव गिळतात. थोडी भीती, थोडी माया. त्यांना खोटारडे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरी त्यांना एक सांगायचं आहे. गिळलेल्या नावामुळे मदत मिळेलही, पण त्या सावकाराची खरेदी कायमची खरी ठरेल. कलम १८ खालचा अर्ज वारसालाही करता येतो, तालुक्याला सहायक निबंधकाकडे किंवा जिल्ह्याला उपनिबंधकाकडे, आणि त्यात सगळ्यात जास्त उपयोग होतो तो जमीन अखेरपर्यंत कोण वाहत होतं हे सांगणाऱ्या शेजाऱ्याच्या जबाबाचा. तेव्हा चौकशीला माणूस आला तर सावकाराचं नाव सांगा.